मागून ठोकलं दुसऱ्याने, तरी गुण माझ्याही नावावर का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही तीन महिन्यांपासून आयरेसिंग या ऑनलाइन कार-शर्यतीच्या खेळात रुकी, म्हणजे नवशिक्यांच्या वर्गात, माझदा एमएक्स-५ ही छोटी गाडी चालवताय. आजवर कोणाला मुद्दाम धक्का दिलेला नाही. तरी बऱ्याच शर्यतींत पहिल्या-दुसऱ्या वळणावरच मागून कोणीतरी येऊन आदळतं, तुमची गाडी फिरते आणि त्या धडकेचे ४ गुण (इथे गुण म्हणजे दंडाचे) तुमच्याही खात्यात पडतात. सेफ्टी रेटिंग, म्हणजे किती सुरक्षित चालवता याचं माप, २.९ वरून २.१ वर घसरलंय. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘नियमाने चालवणाराच मूर्ख ठरत असेल, तर मीही ठोकायला शिकू का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, शिकू नका. पण तुमचा राग खरा आहे आणि तो नुसत्या उपदेशाने जाणार नाही हे मला माहीत आहे. गेली सहा वर्षं मी आमच्या रविवारच्या लीगमध्ये स्टुअर्डचं, म्हणजे तक्रारींचा निकाल देणाऱ्या पंचाचं, काम करतो. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर आणि थोडे दुबई-जर्मनीतले, अशा वीसेक गाड्या असतात. रविवारी शर्यत झाली की सोमवारची रात्र तक्रारींचे रिप्ले बघण्यात जाते. तिथे जे दिसत आलंय त्यावरून सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र झालेत. एक, चूक कोणाची होती? दुसरा, ही धडक मला टाळता आली असती का? पहिल्याचं उत्तर माणूस देतो, रिप्ले बघून. दुसऱ्याचं तुम्ही स्वतः देता. सेफ्टी रेटिंग या दोन्हींच्या भानगडीत पडत नाही. ते फक्त मोजतं: ट्रॅकबाहेर गेलात, १. ताबा सुटून गाडी फिरली, २. दुसऱ्या गाडीशी जोरात धडक झाली, ४. नुसता घासून स्पर्श झाला, तर शून्य. आणि धडकेचे गुण दोघांना, कारण कॉम्प्युटरला दोन गाड्यांची जागा आणि वेग कळतो, चालवणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळत नाही.

हे अन्यायाचं वाटतं, पण उलटा नियम करून बघा. समजा, मागून ठोकणारा दर वेळी दोषी. मग पुढच्याला एक हत्यारच मिळालं. वळणाच्या मध्यावर उगाच ब्रेक दाबायचा, मागचा येऊन आदळणार आणि शिक्षा त्याला. ग्रान टुरिस्मो स्पोर्ट या दुसऱ्या खेळाने २०१७ पासून दोष कोणाचा हे ठरवून पेनल्टी द्यायचा बराच प्रयत्न केला. ते नियम पुन्हापुन्हा बदलावे लागले, कारण दर वेळी खेळाडूंनी नव्या नियमातली फट शोधली. आयरेसिंगने तो वादच बाजूला ठेवला. त्यांचं रेटिंग किती वळणांमागे किती गुण पडले याची सरासरी काढतं. त्यामुळे तीस-चाळीस शर्यतींचा हिशेब धरला तर नशिबाने बसलेले धक्के सगळ्यांच्याच वाट्याला थोडेफार येतात आणि फरक उरतो तो चालवण्याचा. रुकीच्या शर्यती छोट्या, वळणं मोजकी, म्हणून एका धडकेनेही आकडा धाडकन खाली येतो. वरच्या वर्गात शर्यती लांबल्या की हे बरंच निवळतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या कबूल करतो. तुम्ही किती वाजता खेळता, त्या वेळी समोर कोण असतं, तुमचं इंटरनेट कसं आहे, तुम्ही सुरुवात कितव्या जागेवरून करता, हे मला माहीत नाही. ग्रिडच्या, म्हणजे सुरुवातीच्या रांगेच्या, मधोमध असाल तर सर्वांत जास्त मार तिथेच बसतो. तुमचा एकही रिप्ले मी पाहिलेला नाही, त्यामुळे चूक तुमची होती की नव्हती यावर मी आत्ता काही बोलणार नाही.

नेटचं आधी सांगतो, कारण आपल्याकडे याकडे फार दुर्लक्ष होतं. तुमच्या स्क्रीनवर जी दुसऱ्याची गाडी दिसते, ती त्या क्षणीची खरी गाडी नसते. त्याच्या गाडीची खबर सर्व्हरमार्गे तुमच्यापर्यंत यायला समजा १५० मिलिसेकंद लागले. ताशी १७० किलोमीटरने ती गाडी तेवढ्यात ७ मीटर पुढे गेलेली असते. एमएक्स-५ ची लांबी चार मीटरच्या आतच आहे, म्हणजे जवळपास पावणेदोन गाड्यांचं अंतर. ही फट खेळ अंदाजाने भरून काढतो: गाडी या वेगाने, या दिशेने चालली होती, तर आत्ता इथे असेल. सरळ रस्त्यावर हा अंदाज चोख बसतो. कोणी अचानक ब्रेक दाबला किंवा झटक्याने दिशा बदलली की तो कोसळतो, आणि ज्या गाड्या एकमेकींना लागल्याच नव्हत्या त्या लागतात.

म्हणून ऑनलाइन शर्यतीत ‘अचानक’ केलेली कोणतीही गोष्ट खऱ्या ट्रॅकपेक्षाही जास्त घातक असते. स्वच्छ चालवणं म्हणजे काय असं मला कोणी विचारलं, तर मी सांगतो की पुढचं एक सेकंद तुम्ही काय करणार हे मागच्याला आणि बाजूच्याला आधी कळलं पाहिजे. हळू चालवायची किंवा दर वेळी साइड देऊन मोकळं व्हायची काही गरज नाही. आमच्या लीगमधला सर्वांत स्वच्छ ड्रायव्हर हा सर्वांत चिवटही आहे. त्याला ओलांडताना घाम फुटतो, पण त्याच्या शेजारून दोन वळणं जाताना कधी भीती वाटत नाही.

तुमच्या बाजूने करण्यासारखं म्हणजे वायफाय बंद करून लॅन केबल लावा, आणि शर्यत सुरू असताना घरात कोणी मोठं डाउनलोड लावणार नाही एवढं सांगून ठेवा. पावसाळ्यात ऐन शर्यतीत लाइट जाते त्या भागात राहत असाल तर कॉम्प्युटरबरोबर राउटरलाही यूपीएस लावा. नेट तुटतं तेव्हा तुमची गाडी दुसऱ्यांच्या स्क्रीनवर उड्या मारायला लागते, आणि ती त्यांच्या दृष्टीने तुमचीच बेशिस्त असते.

आता पहिलं वळण. इथे मला जरा जास्त वेळ घालवायचाय, कारण तुमचं दुखणं बहुतेक इथेच आहे. बहुतेक जण म्हणतात, ‘मी रोजच्या ठिकाणीच ब्रेक मारला, तरी पुढच्यावर गेलो.’ ते खरंच सांगत असतात. हिशेब असा. सुरुवातीला दोन गाड्यांमध्ये वेळेचं अंतर ०.२ सेकंद असतं असं धरा. ताशी १७० ला एकीच्या नाकापासून दुसरीच्या नाकापर्यंत साधारण साडेनऊ मीटर होतात, म्हणजे मध्ये ऐसपैस जागा दिसते. वळणात वेग ६० वर आला की त्याच ०.२ सेकंदाचे होतात ३.३ मीटर. गाडीच ३.९ मीटरची आहे! पुढच्याने जिथे ब्रेक मारला तिथेच तुम्ही मारला, अगदी बिनचूक मारला, तरी तुम्ही त्याच्या डिकीत असणार. कोणाचंच काही चुकलेलं नसताना.

म्हणजे पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपल्या पुढच्यापेक्षा थोडं आधी थांबायला लागलं पाहिजे, आणि हे ‘थोडं’ मागे मागे साठत जातं. मी वरच्याच आकड्यांवर, दोन गाड्यांत मीटरभर मोकळी जागा धरून, मांडून पाहिलं, तर दहाव्या गाडीला नेहमीच्या खुणेच्या वीस-पंचवीस मीटर आधी ब्रेक लागतो. सरावात तुम्ही १०० मीटरच्या पाटीला ब्रेक मारत असाल, तर दहाव्या जागेवरून सुटल्यावर पहिल्या वेळी १२५ ला तयार असायला हवं. टायर थंड असतात ते वेगळंच.

पण तुम्ही मार खाताय तो मागून. तुम्ही आधी ब्रेक मारलात आणि मागच्याने हा हिशेब केलेला नसेल, तर काय? याला पक्का उपाय नाही, धोका कमी करता येतो एवढंच. पहिली गोष्ट, ब्रेकवर एकदम उभे राहू नका. पन्नासेक मीटर आधीपासून ॲक्सिलरेटर किंचित सोडा. पुढचा मंदावतोय हे मागच्याला दिसायला तेवढा वेळ मिळतो आणि खेळाच्या अंदाजालाही मिळतो. दुसरी गोष्ट, पुढच्या गाडीच्या अगदी सरळ मागे राहू नका, अर्धी गाडी बाजूला धरा. मागचा चुकलाच तर तुम्हाला सटकायला जागा राहते आणि त्याला जायला फट. तिसरी, रिलेटिव्हची, म्हणजे पुढच्या-मागच्या गाड्यांचं अंतर सेकंदांत दाखवणारी, खिडकी उघडी ठेवून मागचा किती जवळ आहे त्यावर नजर ठेवा. मागच्याचं अंतर ०.२, ०.१ असं मिटत चाललं असेल आणि वळण समोर असेल, तर त्या वेळी आतली बाजू अडवायला जाऊ नका.

मी स्वतः रुकीत असताना महिनाभर एक केलं होतं, पटलं तर करा. मुद्दाम शेवटून सुरुवात करायचो. पुढे सगळ्यांची झटापट चाललेली बघत सावकाश निघायचो आणि दोन फेऱ्यांनंतर शर्यत सुरू करायचो. रेटिंग तर वर आलंच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे माणसं कुठे आणि कशी एकमेकांवर जातात ते रोज समोरून बघायला मिळालं. पुढच्या दोन गाड्या वळणाआधी शेजारी-शेजारी आल्या की काय होणार, हे पंधरा दिवसांत आधीच कळायला लागलं.

यानंतर जागेचा हक्क. कोणाला कधी जागा द्यायची, यावर आमच्याकडे सर्वांत जास्त भांडणं होतात. आम्ही ठरवलेला नियम असा: आतून येणाऱ्याचं पुढचं चाक, पुढच्याने वळायला सुरुवात करायच्या आधी, त्याच्या आरशापर्यंत पोहोचलेलं असेल तर एक गाडीभर जागा द्यायची. नसेल तर आतल्याने मागे हटायचं. दुसऱ्या लीगमध्ये हे माप थोडं वेगळं असेल, त्यांचे नियम वाचून घ्या. बचावासाठी दिशा एकदाच बदलायची आणि आदर्श लाइनवर (वळणातून सर्वांत वेगाने जायच्या वाटेवर) परत येताना बाजूच्याला एक गाडीभर जागा सोडायची, हे मात्र खऱ्या मोटरस्पोर्टमध्ये एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमातच आहे, आणि बहुतेक लीग तेच पाळतात.

या नियमामागचा विचार आपल्याला घाटातून माहीत आहे. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबून पुन्हा गाडी उचलणं अवघड. उतरणाऱ्याला थांबणं त्या मानाने सोपं. ज्याच्या हातात जास्त पर्याय, त्याच्यावर जास्त जबाबदारी. शर्यतीत मागच्याला पुढचा अख्खा दिसतो, पुढच्याला मागचा आरशात इंचभर दिसतो. म्हणून धडक टाळण्याचं ओझं आधी मागच्यावर. पण दोघं शेजारी आले की ओझं दोघांवर सारखं. तेव्हा बाहेरच्याला ढकलत ट्रॅकच्या कडेपर्यंत नेणं हीही धडकच समजतो आम्ही, स्पर्श झाला नसला तरी.

एक प्रकरण सांगतो. इटलीतल्या मोंझा ट्रॅकवरची शर्यत होती, जीटी३ गाड्या, म्हणजे शर्यतीसाठी बनवलेल्या वेगवान स्पोर्ट्स कार. मुख्य सरळ रस्त्याच्या टोकाला पहिली शिकेन (लागोपाठची दोन उलटसुलट वळणं) येते, आधी उजवीकडे मग डावीकडे, आणि गाड्या तिथे अडीचशेच्या वर वेगाने पोहोचतात. एका मुलाची तक्रार आली, शर्यत संपून पाच मिनिटंही झाली नव्हती: ‘ब्रेकिंगला सरळ मागून ठोकलं, बॅन करा.’ मी त्याच्या कॉकपिटमधून रिप्ले पाहिला. सरळ चाललाय, ब्रेक लावतोय, धाडकन धक्का, गाडी भिंतीत. मनात निकाल लागलाच होता. मग मागच्या गाडीच्या कॉकपिटमधून तोच प्रसंग लावला, आणि चित्रच वेगळं. पुढच्याने आतली, म्हणजे उजवी बाजू आधीच अडवली होती. मागचा म्हणून डावीकडे निघाला, त्याचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या पुढे गेलं, आणि नेमकं ब्रेक लागायच्या क्षणी पुढचा हळूच डावीकडे सरकला. अर्धी गाडी, जास्त नाही. वरून, संथ गतीने पाहिलं तेव्हा ते सरकणं अगदी स्पष्ट होतं. मागच्याला डावीकडे गवत, समोर बंपर. त्याने ब्रेक आधीच पूर्ण दाबलेला होता.

तक्रार करणाऱ्यालाच पेनल्टी दिली. त्याचा फोन आला, खूप चिडला होता. मी वाद न घालता तिन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप पाठवल्या आणि झोपलो. सकाळी मेसेज होता: ‘दादा, तो डावीकडे होता हे मला खरंच दिसलं नव्हतं.’ तो खोटं बोलत नव्हता, आदल्या रात्रीही आणि त्या सकाळीही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, दोन्ही कॉकपिट आणि वरचा कॅमेरा पाहिल्याशिवाय स्टुअर्डने तोंड उघडायचं नाही. शिवाय दोघांच्याही कॉम्प्युटरवरचा रिप्ले मागवायचा, कारण नेटच्या फरकामुळे दोघांना दिसलेली शर्यत तंतोतंत एक नसते.

तुम्हीही हेच करा. ज्या शर्यतींत मार बसला त्यांतल्या शेवटच्या पाचांचे रिप्ले साठवलेले असतील तर काढा आणि धडकेआधीची दहा सेकंदं मागच्या माणसाच्या कॉकपिटमधून बघा. तुमचा ब्रेक लाइट कुठे लागतो, तुम्ही शेवटच्या क्षणी सरकता का, त्याला काय दिसत असेल. पाचपैकी चारमध्ये तो निव्वळ आंधळेपणाने आलेला दिसला, तर मन शांत होईल. दोनमध्ये तुमचं काही सापडलं, तर ते तुमच्या हातात आहे, लगेच सुधारता येईल.

बदल्याबद्दल. १९९० मध्ये जपानमधल्या सुझुकाला फॉर्म्युला वन शर्यतीत आयर्टन सेना या ड्रायव्हरने पहिल्याच वळणावर प्रतिस्पर्धी ॲलन प्रोस्टच्या गाडीवर गाडी घातली, दोघेही तिथेच बाद झाले आणि विश्वविजेतेपद सेनाकडे गेलं. आपल्यावर आधी अन्याय झालाय असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्यात तथ्यही होतं. वर्षभराने त्याने स्वतःच ते मुद्दाम केल्याचं मान्य केलं. इतका मोठा ड्रायव्हर, पण आज पस्तीस वर्षांनीही त्याचं नाव निघालं की ते वळण निघतंच. आमच्या लीगमधून एक फार गुणी पोरगा असाच बाहेर गेला. एकाने त्याला फिरवलं, तो तीन फेऱ्या संथ चालवत त्याची वाट बघत राहिला आणि मग त्याच्या दारात गाडी घातली. पहिली चूक समोरच्याचीच होती, त्याला पेनल्टी मिळणारच होती. पण मुद्दाम धडकेला आमच्याकडे माफी नाही, आणि सर्वांत जास्त वाईट मलाच वाटलं. त्या धडकेत मागून येणाऱ्या दोन जणांची शर्यतही संपली होती, ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता.

मुद्दाम ठोकलंय असं खात्रीने वाटलं तर तक्रारीची सोय आहे, ती वापरा. फक्त त्याच रात्री लिहू नका. रिप्लेची क्लिप काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी लिहा: फेरी कितवी, वळण कितवं, कोणाची गाडी कुठे होती, काय झालं. विशेषणं नकोत. मी आजवर वाचलेल्या तक्रारींत ज्या सर्वांत नीट ऐकल्या गेल्या त्या चार ओळींच्या होत्या.

आणि तुमच्या हातून कोणी फिरला तर? चॅटवर सॉरी टाइप करत बसू नका, गाडी चालवताना ते आणखी धोक्याचं. सुरक्षित जागी बाजूला घ्या, तो पुन्हा रस्त्यावर येऊन तुमच्या पुढे जाईपर्यंत थांबा, मग निघा. सात-आठ सेकंदं जातील, शर्यतही जाईल कदाचित. नियमाने हे कुठेही सक्तीचं नसलं, तरी असं थांबणाऱ्याला लोक नावाने ओळखायला लागतात. आयरेसिंगवर खरी नावं दिसतात, त्यामुळे पुढच्या आठवड्यात तोच माणूस तुमच्या शेजारी आला की तो तुम्हाला जागा सोडताना दिसेल. हे मी इतक्या वेळा अनुभवलंय की त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

राहता राहिला तुमचा जोडप्रश्न: स्वस्तातलं व्हील आहे, लोडसेल पेडल (पायाचा जोर मोजणारं ब्रेक पेडल) घेतल्याने धडका कमी होतील का? ब्रेक दर वेळी सारखा दाबता येतो, त्यामुळे तुम्ही पुढच्यावर जाण्याचं प्रमाण कमी होईल. मागून येणाऱ्यावर त्याचा काही परिणाम नाही. पैसे आत्ता खर्च करू नका. आधी ते पाच रिप्ले बघा, आणि त्यातला एखादा इथे टाकलात तर मीही बघतो. टाकताना तुमच्या गाडीचा नंबर लिहा, पण तुम्हाला चूक कोणाची वाटते ते लिहू नका.